प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मालकाचं बीपी कुठे लिहायचं?



प्रोजेक्ट रिपोर्ट कसा बनवायचा यावर आपण बरेच व्हिडिओ केले. जागेचं भाडं, मशिनरी, कच्चा माल, कामगारांचा पगार, लाईट बिल, खेळतं भांडवल, कर्जाचा हप्ता. मशीनचा घसारासुद्धा आपण धरतो. पण घरगुती उद्योग असेल किंवा दोन-तीन कामगारांचं युनिट असेल, तर त्यातलं सगळ्यात महागडं आणि बदली न मिळणारं मशीन कोणतं? तुम्ही स्वतः! मालाची खरेदी तुम्ही करता, मसाल्याचं प्रमाण तुमच्याच डोक्यात, उधारी वसूल तुम्हीच करता आणि बँकेत सहीही तुमचीच चालते. हे मशीन सहा महिने बंद पडलं तर काय करायचं, याचा रकाना मी अजून कुठल्याच रिपोर्टमध्ये पाहिलेला नाही.

म्हणून आजचा विषय जरा वेगळा. हाय बीपी, म्हणजे उच्च रक्तदाब. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुम्ही कुठली गोळी घ्यायची हे मी सांगणार नाही. ते तुमचे डॉक्टर सांगतील. पण बीपी म्हणजे नेमकं काय, ते मोजायचं कसं आणि धंदा सांभाळून ताब्यात कसं ठेवायचं, हे उद्योजकाला रोजमेळाइतकं समजलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, "सर, मला तर काहीच त्रास नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही." अहो, अडचण तिथेच आहे. बहुतेक लोकांना बीपी वाढलं तरी काहीही जाणवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची पाहणी सांगते की १५ वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के लोकांचं बीपी वाढलेलं आहे किंवा त्यासाठी औषध चालू आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात ज्यांना हा आजार आहे, त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना तो आहे हेच माहीत नाही. थोडक्यात, "मला काही होत नाही" हा बीपी नॉर्मल असल्याचा पुरावा नाही. पुरावा एकच, मोजलेला आकडा.

वरचा आकडा, खालचा आकडा

तुमच्यापैकी कोणाचं गॅरेज किंवा पंक्चरचं दुकान असेल तर हे लगेच कळेल. कॉम्प्रेसरच्या टाकीवर प्रेशरचा काटा असतो. काटा लाल पट्ट्यात गेला तरी टाकी ओरडत नाही. पाईप, जोड, वेल्डिंग हे सगळं गुपचूप सोसत असतं. आणि मग एक दिवस जिथे कच्चं असेल तिथून फुटतं.

आपलं हृदय हा पंप आहे आणि रक्तवाहिन्या हे पाईप. हृदय आकुंचन पावतं तेव्हा रक्त जोराने पुढे ढकललं जातं, त्या वेळचा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं, तेव्हा वाहिन्यांमध्ये जो दाब उरतो तो खालचा आकडा. १२०/८० च्या खाली असेल तर उत्तम. आपल्याकडे साधारणपणे वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा १४० किंवा त्याच्या वर, अथवा खालचा ९० किंवा त्याच्या वर येत राहिला, तर डॉक्टर त्याला हाय बीपी म्हणतात. दोन्हीपैकी एकच वाढलेला असला तरी तो हाय बीपीच. मधल्या पट्ट्यात असाल तर आजार नाही, पण गाडी त्याच रस्त्याला लागली आहे.

सतत जास्त दाब सोसून वाहिन्या कडक होतात, आतून खराब होतात. मेंदूतली वाहिनी फुटली किंवा तुंबली तर पक्षाघात, ज्याला आपण लकवा म्हणतो. हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, त्याचे स्नायू जाड होतात, पुढे हार्ट अटॅक किंवा हृदय कमजोर होणं. डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होतो. आणि किडनी. किडनी म्हणजे बारीक वाहिन्यांची चाळणीच. ती निकामी झाली की डायलिसिस, म्हणजे साधारण आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार तास. पैसा योजनेतून मिळेलही एखाद्या वेळी, पण ते तास कोण देणार? एकट्या माणसाचं दुकान आठवड्यात तीन दिवस अर्धं बंद ठेवून चालतं का, हा हिशोब तुम्हीच करून बघा.

फरसाणवाले दादा

आमच्या एका बॅचला शेव-फरसाण बनवणारे एक दादा आले होते. वय बेचाळीस. अंगाने सडपातळ, कामाला वाघ. त्या दिवशी प्रशिक्षणाच्या ठिकाणी आरोग्य तपासणी ठेवली होती. त्यांचं बीपी निघालं १६८/१०४. दादा हसले, "सिस्टर, जिना चढून आलोय ना." सिस्टरने बसवून ठेवलं, पुन्हा मोजलं. १६२/१००.

त्यांचा दिवस विचारला तर तुमच्या-माझ्यासारखाच. पहाटे चारला उठून भट्टी पेटवायची. चहा. पहिला घाणा निघाला की चव बघायची, मग दुसरा, मग तिसरा. चव बघता बघता पोट भरलेलं, त्यामुळे न्याहारी नाहीच. दहा वाजता दुकानदारांना माल पोचवायला बाहेर, रस्त्यात वडापाव. तोंडात तंबाखू. दुपारचं जेवण चारला. रात्री अकरापर्यंत पॅकिंग आणि उधारीचे फोन. झोप पाच तास, तीही महिन्याच्या हप्त्याच्या काळजीत.

दादांनी डॉक्टर गाठला, गोळी सुरू केली. महिनाभरात बीपी १२८/८२ वर आलं. इथपर्यंत सगळं छान. मग त्यांनी ठरवलं, "झालं की बरं, आता गोळी कशाला?" आणि गोळी बंद. काहीच त्रास होत नव्हता, त्यामुळे मोजलंही नाही.

दिवाळीच्या बारा दिवस आधी, सोऱ्यात पीठ भरताना त्यांचा उजवा हात एकदम लुळा पडला. जीभ जड झाली. सुदैवाने मुलगा घरी होता, लगेच दवाखान्यात नेलं, जीव वाचला. पण दिवाळीच्या ऑर्डर घेतलेल्या, दुकानदारांचे ॲडव्हान्स आलेले, बेसन-तेल भरून ठेवलेलं. आणि मसाल्याचं प्रमाण कोणाला माहीत? फक्त दादांना. वहिनींनी एकेका दुकानदाराला फोन करून ॲडव्हान्स परत केले. बेसन घेतल्या भावापेक्षा कमीत विकावं लागलं. दादा आता चालतात, बोलतात, गल्ल्यावर बसतात. पण कढईसमोर झारा धरून उभं राहणं त्या हाताने अजून होत नाही.

दादांचं सगळ्यात महाग पडलेलं वाक्य कुठलं, तर "झालं की बरं." बीपी कमी दिसतंय ते गोळी चालू आहे म्हणून. दुकानाला शटर लावल्यावर चोरी होत नाही, म्हणून कोणी शटर काढून ठेवतं का? डोस कमी करायचा किंवा बंद करायचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर तो घेतलाही जातो. पण तो निर्णय आपण आपल्या मनाने घ्यायचा नाही.

मोजायचं कसं? इथे बहुतेक जण चुकतात

घाईघाईत, बोलत बोलत, शर्टाच्या बाहीवरून मोजलेलं बीपी म्हणजे कच्च्या पावतीवरचा हिशोब. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, सिगारेट, तंबाखू, जिने चढणं काही नको. लघवीला जाऊन या. खुर्चीवर पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसा. दंड उघडा आणि हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या उंचीला येईल. मोजताना बोलायचं नाही, फोनही घ्यायचा नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

घरी मशीन घ्यायचं असेल तर दंडावर बांधायचं डिजिटल घ्या, मनगटावरचं नको. साधारण दीड-दोन हजारांत चांगलं येतं. तुमचा दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण लहान पट्ट्याने आकडा खोटाच जास्त दिसतो. डॉक्टरकडे जाण्याआधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वही घेऊन जा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढतात. आणि एक लक्षात ठेवा, घरच्या आकड्याची मर्यादा थोडी खाली असते, १३५/८५. काहींचं बीपी दवाखान्याच्या भीतीने तिथेच वाढतं, तर काहींचं उलट, दवाखान्यात नॉर्मल आणि दुकानात वाढलेलं! वही असली की हा गोंधळ राहत नाही.

मशीन विकत घ्यायचीही गरज नाही, असं कोणी म्हणेल तर तेही बरोबर आहे. वयाच्या तिशीनंतर सरकारी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची तपासणी फुकट होते आणि गोळ्याही तिथे मोफत मिळतात. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर जनऔषधी केंद्रात तीच औषधं ब्रँडेडपेक्षा निम्म्याहून कमी भावात मिळतात. बीपीच्या नेहमीच्या गोळ्या जुन्या आणि स्वस्त आहेत. खरं सांगायचं तर दिवसाच्या एका चहापेक्षाही त्यांचा खर्च कमी पडू शकतो. पैशाचं कारण इथे फारसं टिकत नाही.

मीठ: खाणाऱ्यांसाठी आणि बनवणाऱ्यांसाठी

आपल्या वाचकांमध्ये पापड, लोणची, मसाले, फरसाण करणारे पुष्कळ आहेत, म्हणून इथे जरा थांबू. मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, वाहिन्यांतलं रक्ताचं प्रमाण वाढतं आणि दाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात भाजी-आमटीपासून पापड-लोणच्यापर्यंत सगळं आलं. आपण सहज याच्या पुढे जातो.

फक्त मीठच नाही बरं का. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियमच असतं. सैंधव मीठ बीपीला चालतं असा एक समज आहे, तो चुकीचा. रंग गुलाबी असला तरी ते मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. ते अनेकांना उपयोगी पडतं, पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा.

पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. समजा १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे, तर मीठ झालं २ ग्रॅम. पाकीट एका बैठकीत संपवलंत तर दिवसाच्या कोट्यातला मोठा वाटा तिथेच गेला. आणि जे बनवतात त्यांनी प्रत्येक घाण्याची चव मूठभर खाऊन बघायची नाही. चिमूटभर पुरते. त्याहून बरं म्हणजे प्रमाण वजनकाट्यावर पक्कं करा, वहीत लिहा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला शिकवून ठेवा. हे मी बीपीसाठी सांगतोय की धंद्यासाठी? दोन्हीसाठी.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला माहीतच आहेत. रोज अर्धा तास भरभर चालणं, पोटाचा घेर कमी करणं, दारू टाळणं, सात तास झोप, फळं-भाज्या. तंबाखूने मात्र दुहेरी नुकसान होतं, बीपी तात्पुरतं वाढतंच आणि वाहिन्याही खराब होतात. कोणी रात्री खूप घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल आणि दिवसभर पेंग येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्याचा बीपीशी थेट संबंध असतो. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. दिवसभर उभं राहून कंबर-पाय दुखतात म्हणून आपण मेडिकलमधून पेनकिलर आणतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या नेहमी घेतल्या तर बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो आणि बीपीच्या गोळीचा असरही कमी होऊ शकतो.

गोळी चालू झाल्यावर

रोज एका ठरलेल्या वेळी घ्या. सकाळी दुकानाच्या किल्ल्या उचलता ना, त्याच ठिकाणी पट्टी ठेवा. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्याला सूज येते, आणि "प्रिल" शेवट असलेल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. असं झालं तर गोळी फेकून देऊ नका, डॉक्टर दुसरी देतात, पर्याय भरपूर आहेत. मैत्रिणींसाठी एक खास सूचना: बाळाचा विचार असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा. टेल्मिसार्टनसारख्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

आज पर्याय भरपूर आहेत असं मी सहज म्हणालो, पण पूर्वी तसं नव्हतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. बीपी कित्येक वर्षं वाढत होतं, पण तेव्हा त्यावर नीट लागू पडणारी गोळीच नव्हती. पुढे १९४९ मध्ये आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधाच्या मुळीचा बीपीवर होणारा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. अभिमानाची गोष्ट आहे. पण म्हणून आज सर्पगंधाचं चूर्ण आपल्या मनाने खायचं नाही. त्यातल्या घटकामुळे उदासीचा गंभीर त्रास होऊ शकतो, आणि त्याहून चांगली औषधं आता आली आहेत.

चूर्णावरून आठवलं. "सर, बीपी बरं करणारा चहा बनवून विकू का?" असं विचारणारे बरेच भेटतात. अजिबात नको! १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. कोणत्या आजारांवर उपचाराची जाहिरात करायची नाही याची त्यात यादी आहे, आणि रक्तदाब त्या यादीत आहे. खाद्यपदार्थाच्या लेबलवरही आजार बरा करण्याचा दावा चालत नाही. जवसाची चटणी विका, कमी मिठाचे पापड विका, मार्केट आहे. पाकिटावर फक्त पदार्थाचं नाव आणि खरे आकडे लिहा.

आणीबाणी

आकडा १८०/१२० किंवा वर दिसला तर आधी पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तितकाच आला आणि त्रास काही नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. स्वतःहून जास्तीची गोळी घेऊ नका, जिभेखाली कुठलीही गोळी ठेवू नका. पण छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, अचानक दिसेनासं होणं यातलं काहीही असेल तर आकडा कितीही असो, लगेच १०८ ला फोन. लकव्यात वाहिनी तुंबली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. "सकाळी बघू" म्हणून झोपायचं नाही. हा नंबर कामगारांच्या फोनमध्येही सेव्ह करून द्या. लक्षणं त्यांनाही समजावून सांगा, कारण त्या वेळी बोलायची ताकद कदाचित तुमच्यात नसेल.

विम्याचा फॉर्म

शेवटचा मुद्दा पैशाचा. बरेच जण बीपी निघेल या भीतीने तपासतच नाहीत, किंवा निघालं तरी विम्याच्या फॉर्मवर लिहीत नाहीत. प्रीमियम वाढेल म्हणून. आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा थांबण्याचा काळ लावता येतो, म्हणजे आज खरं लिहून पॉलिसी घेतली तर ते घड्याळ आजच सुरू होतं. लपवलं आणि पुढे जुनी चिठ्ठी सापडली, तर क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं. कर्जासोबत जो कर्ज-विमा देतात त्याचंही तसंच. तिथे आरोग्याचे प्रश्न बारीक अक्षरात असतात आणि एजंट सगळीकडे "नाही" वर टिक मारून फक्त सही मागतो. तो कागद घरी आणा, घरच्यांसोबत बसून वाचा, बीपी असेल तर "हो" लिहा, गोळीचं नाव लिहा आणि एक झेरॉक्स प्रोजेक्ट रिपोर्टच्या फाईलला लावून ठेवा.